साहित्यशास्त्राच्या पेपरावर सर्वांचे एकमत

कलेक्टर कचेरीच्या भिंतीलगत बसून अर्ज लिहिण्याचा व्यवसाय मी अनेक वर्षे केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गुजराती, हिंदी व मराठी या तिन्ही भाषांतील माझा मसुदा कोणत्याही कारकुनाने परत पाठविल्याचे मला स्मरत नाही. मारहाणीच्या तक्रारींत माझा हात विशेष बसलेला होता. लाकडी दांडा, लोखंडी सळई, लाथाबुक्की, ओठ फाटणे, दात हलणे, यांपैकी कशास कोणती शब्दरचना शोभते हे मला मुखोद्गत होते. पक्षकार येई तो पट्टी बांधून. पट्टीखाली काय आहे हे पाहण्याचे मला कारण पडत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता, कॉलेजचे काही विद्यार्थी माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"वकीलकाका, प्रिन्सिपॉलला मराठीत अर्ज लिहायचाय," त्यांचा म्होरक्या म्हणाला. अर्ज लिहिणाऱ्यास तेथे सारे वकीलच म्हणत. अंगाने दांडगा, मनगटात स्टीलचे कडे. थोरला भाऊ हजीऱ्याच्या कारखान्यात क्रेन चालवीत असल्याचे त्याने न विचारता सांगितले. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मराठी घेणाऱ्यांस साहित्यशास्त्राचा पेपर सक्तीचा होता. तो सक्तीचा नसावा, एवढीच त्यांची मागणी होती.

माझी थोरली मुलगी त्याच वर्गात शिकत होती. मी ते बोललो नाही. गिऱ्हाइकापुढे घरची गोष्ट काढू नये, असा आमचा शिरस्ता. मी जबानी घ्यावी तसे प्रत्येकाचे मत विचारले.

"वर्ष संपलं, काका, एक कविता धड वाचली नाही. कविता कशाला म्हणायचं हेच चाललंय."

"गोष्ट वाचून रडू आलं तर आलं. का आलं, त्याची व्याख्या कशाला घोकायची?"

"सरांनी नऊ रस शिकवले. दहावा लिंबायतच्या नाक्यावर मिळतो, बर्फ घालून!"

"अल्या, बस कर ने," म्होरक्याने त्यास दटावले. "काका, लिहा. मागल्या वर्षी अर्धा वर्ग ह्याच पेपरात उडाला. मी बी त्यातलाच."

घरी मुलीचे मत अगदी निराळे होते. "नाना, बाकीच्या पेपरात दुसरे काय म्हणून गेले ते लिहायचं. ह्या एका पेपरात मला काय वाटतं ते विचारतात." तिच्या मामाने नंदुरबारचे स्थळ आणून ठेवले होते. घरात बोलणे असे ठरले होते की, सर्व पेपर सुटले तर बी.एड.; एक जरी राहिला तर लग्न.

मी अर्ज लिहिला. आरंभी 'आम्ही वर्गातील सर्व विद्यार्थी एकमताने विनंती करतो की' हे वाक्य घातले. सामूहिक अर्जात ते घालण्याची आमच्या व्यवसायाची रीत आहे. भेस्तान वस्तीच्या नळाचा अर्ज असो की गटाराचा, एकमताविना कागद गठ्ठ्याच्या तळाशी जातो. कागद देताना मी रीतीप्रमाणे बजावले, "एकही सही राहिली तर अर्ज कच्चा. सही होत नसेल तर अंगठा चालतो." माझा स्टॅम्पपॅडही त्यांस दिला.

अर्ज दाखल होतेवेळी आपण जातीने हजर असावे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. फाटकाशी एक किरकोळ मुलगा नाक दाबून बसला होता. बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत ओघळत होते. "करतो सही, करतो," असे तो समोर कोणी नसतानाही म्हणत होता.

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली घोळका होता. मध्ये माझी मुलगी.

"एकटी शहाणी तूच काय? सगळ्यांनी केली."

"सगळ्यांना वाटत असेल. मला नाही वाटत."

"मग अंगठा दे!"

म्होरक्याने तिचे मनगट धरून पॅडवर दाबले. तिने मूठ आवळली. त्याने बोटे उलगडली. ती त्याच्या दंडास कडकडून चावली. तो ओरडला आणि तिचा अंगठा त्याने सायकलच्या कॅरिअरवर ठेवून मागे मोडला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज मी ऐकला.

कोपऱ्यात हवा भरण्याचा पंप होता. तो मी केव्हा उचलला हे मला सांगता येणार नाही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तो गुडघ्यांवर आला. तरी मी मारीत होतो. मागून कोणी माझ्या कानशिलात विटेचा तुकडा हाणला. पडलो, तेव्हा बरगडीत बुटांच्या लाथा बसल्या. साहित्यशास्त्राचे सर धावत आले आणि माझ्यावर ओणवे झाले. त्यांच्या पाठीवर सायकलची चेन बसली, चष्मा माझ्या छातीवर फुटला.

"वकीलकाका, तुम्हीच सांगितलं ना अंगठा घ्या म्हणून!" रक्त थुंकत म्होरक्या किंचाळला.

घरी मुलीच्या हाताचे प्लास्टर पाहून बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पोरीना आंगठा तुमना कागदनी मोडा." रीत माझी नव्हती. माझ्या आधीपासूनची होती.

परीक्षा तोंडावर, आणि हात उजवा. प्रिन्सिपॉल म्हणाले, लेखनिक घेता येईल. मात्र तो परीक्षार्थीहून कमी शिकलेला असावा.

"नाना सातवी आहेत," मुलगी म्हणाली.

साहित्यशास्त्राच्या पेपरास आम्ही वेगळ्या खोलीत बसलो. पेपर सक्तीचाच राहिला होता, म्हणून बाहेर बहिष्काराच्या घोषणा चालू होत्या. एका प्रश्नात विचारले होते की, क्रौर्य व भय साहित्यात आनंद देतात, ते कसे, स्वमत द्यावे. मुलीने डोळे मिटून सांगण्यास आरंभ केला. स्टँडमधला प्रसंग आला तेव्हा माझ्या हाताने सवयीने 'लाथाबुक्क्यांनी बेदम मारहाण करून' असे लिहिले.

ती आता डोळे उघडून कागदाकडे पाहत होती. "खोडा ते. मला लाथ नाही बसली, नाना. माझा अंगठा मागे मोडला. तेवढंच लिहा."

मी खोडले. अंगठा मागे मोडला, एवढेच लिहिले. इतक्या वर्षांत पट्टीखाली काय आहे ते लिहिण्याची वेळ आली नव्हती.

खिडकीवर दगड आला. काच उत्तरपत्रिकेवर सांडली. पर्यवेक्षक टेबलाआड दबले. दुसरा दगड भिंतीवर आपटला.

"वाकू नका, नाना. लिहा. आता मी सांगते ते नीट ऐका. हे मी गोष्टीत वाचलं असतं, तर मला मुलीचं वाईट वाटलं असतं, आणि त्या मुलाचंही वाटलं असतं, कारण तो नापास होता. स्टँडमध्ये मला त्याचं काहीच वाटलं नाही. दुखत होतं. हा जो फरक आहे, त्यालाच..."

पुढचे संस्कृत शब्द मला समजले नाहीत. ती एकेक अक्षर सांगत गेली, मी काचा बाजूस सारून लिहीत गेलो.

निकालात बाकीच्यांबरोबर तोही पेपर सुटला, गुण काठावरचे. मामा पेढे न आणताच आला होता. तिने त्यास पाणी दिले आणि बी.एड.चा फॉर्म डाव्या हाताने त्याच्यापुढे ठेवला.

अंगठा पुढे सरळ झाला नाही. वर्गात ती खडू दोन बोटांच्या मध्ये धरते.