पेटीला आतून रंग

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांची सागवानी पेटी होती, लग्नात माहेराहून, दुधनीहून बैलगाडीत आलेली. शेवटी शेवटी तिच्यात एकच वस्तू राहिली होती. एक बदामी इरकली लुगडं, घडी न मोडलेलं.

आमच्याकडे बाई गेली की सासरचं लुगडं नेसवतात आणि वरून माहेरचं घालतात. ते कोरंच लागतं, पाणी न लागलेलं. आत्याबाईंच्या माहेरी एक धाकटा भाऊ तेवढा उरला होता, बिनलेकराचा. तो आजारी पडला तेव्हा स्वतः येऊन ते लुगडं देऊन गेला. "अक्का, मी आधी गेलो तर तुझ्यावर कोण घालणार? ठेवून घे," म्हणाला. आणि गेलाही तोच आधी.

तेव्हापासून दर अमावस्येला आत्याबाई मला पेटी उघडायला लावायच्या. डोळे गेलेले, सगळं बघणं हातानं. घडीवर हात ठेवायच्या, झालं. "मरायचं भ्या न्हाय गं मला," म्हणायच्या, "उघडं जायाचं भ्या हाय."

मागच्या उन्हाळ्यात पेटीला भुंगा लागला. रोज खाली पिठासारखा भुसा. मी म्हटलं सुताराला दाखवू, तर हे ऐकतात कुठले! जन्म सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात गेला ह्यांचा. चादरीच्या सुताला रंग चढवला, लाकडाचं काय घेऊन बसलीस, म्हणाले. घासून घासून जुना रंग काढला, भोकांत लांबी भरली, बाहेरून ऑइलपेंट दिला. आतून मात्र ऑइलपेंट नको, लुगड्याला वास धरेल. आईसाठीच केलेला विचार तो. मग घरात पडलेला सुताचा तपकिरी रंग मीठ घालून उकळला आणि चिंधीनं आतून दोनदा फिरवला. लाकडाच्या रेषा अशा उठून दिसल्या म्हणता, आम्ही दोघं बघतच बसलो. उन्हात कडकडीत वाळवली. पांढरं फडकं फिरवून बघितलं, डाग नाही.

आता रंगवलेलं सूत धुतात, पाणी निवळ येईपर्यंत धुतात, हे ह्यांना कुणी सांगायला नको. पण पेटी कशी धुणार? वाळली म्हणजे झालं, असंच दोघांना वाटलं.

पावसाळ्यात मोरीच्या भिंतीची ओल पेटीत उतरली. अमावस्येला झाकण उघडलं, तर लुगड्याच्या कडेनं हातभर तपकिरी डाग. आत्याबाईंनी वरच्या घडीवर हात ठेवला, समाधान झालं त्यांचं. मी मनात म्हटलं, डाग आत जाईल अशी घडी घालायची, आणि गप बसायचं. ह्यांना तेवढं हळूच सांगितलं आणि दळण आणायला गिरणीत गेले.

परत येते तर लुगडं बादलीत. डाग दिसला की हात पाण्याकडे जाणार, सवयच ती. "निघाला बघ," म्हणाले, हसत. पाणी खरंच निवळ आलं होतं. मी दळण खाली ठेवलं आणि लुगड्याचा ओला पदर हातात घेतला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

नंतर त्यांनी भाताच्या पेजेची खळ दिली, इस्त्री केली, जुन्याच मोडीवर घड्या घातल्या. दुकानातून आत्ता आणल्यासारखं दिसायला लागलं की. पुढच्या अमावस्येला आत्याबाईंनी हात ठेवला. हात जरा मागंपुढं फिरला. मग त्यांनी लुगडं नाकाशी नेलं.

"पाणी लागलं व्हय रं ह्याला?"

हे दारात उभे होते. नाही म्हणता आलं असतं. "व्हय अव्वा," म्हणाले. "डाग पडला हुता."

आत्याबाई रागावल्या नाहीत. "सगळ्या सोलापूरचं सूत धुतलंस, माझं तेवढं राहिलं हुतं," म्हणाल्या, आणि चाचपडत झाकण स्वतःच लावलं. मग मला म्हणाल्या, "धुतलेलं घालू नगा माज्यावर."

त्यानंतर पेटी उघड म्हणून त्यांनी सांगितलं नाही. जेवण कमी झालं. दुधनीचं कुणी आलं का, असं मधेच विचारायच्या. तिकडं कुणी उरलं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी आपली म्हणायची, येतील हो.

पौषात गेल्या. बायकांनी अंघोळ घातली, आमच्या घरचं लुगडं नेसवलं. मग शेजारच्या म्हातारीनं विचारलं, माहेरचं कुठाय? धुतलेलं काढून दिलं असतं तर त्या गर्दीत कुणाला कळलं नसतं. हे आतून एक नवं लुगडं घेऊन आले. कधी आणून ठेवलं होतं, मलासुद्धा माहीत नाही.

"माहेरचं कुणी न्हाय," म्हणाले. "मी घालतो."

"लेक माहेरचा कसा हुईल रं बाळा?" म्हातारी बोलली ते मायेनंच बोलली.

हे ते लुगडं दोन्ही हातांवर घेऊन तसेच उभे. आत्याबाई आमच्या घरच्या एकाच लुगड्यात निघाल्या. पुढं मडकं धरायला हात मोकळे लागतात, म्हणून कुणीतरी ते ह्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे दिलं.