लेथ मशीनचा गोंडा

लाकडी पेन घडवायचं वेड लागलं आणि बायकोला न विचारताच मी नांदेडला लेथ मशीन घ्यायला गेलो. दुकानात मोठं घ्यावं की छोटं, ठरेना. पंपाचा बेल्ट न्यायला आलेला मुखेडकडचा एक अनोळखी शेतकरी पुढे झाला. बैल पारखावा तसा दोन्ही मशीनभोवती फिरला, त्यांची पाठ थोपटली, चालवून बघितलं.

"पयल्यांदाच हाय ना? मग गरीब जनावर घ्या, मालक. चुकलं तरी लाथ न्हाई मारत."

मी हरखून छोटं घेतलं. त्यानं पोळ्यासाठी घेतलेल्या गोंड्यांतला एक मशीनच्या मुठीला बांधला. "नवं जनावर घरी असंच न्हाई न्यायचं."

बायकोनं कमरेवर हात ठेवूनच दार अडवलं. तीही शेतकऱ्याचीच लेक. गोंडा दिसताच आत पळाली आणि मशीनच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन आली!