खुंटीवरचं हँडल

नगरला माळीवाड्याच्या तांगाअड्ड्यावर कुणी नूरमहंमदकडं पारखायला म्हणून घोडं आणलं, की तो आधी घोड्याकडं बघायचाच नाही. आणणाऱ्याच्या पायातल्या जोड्यांकडं बघायचा. "टाचा लई झिजल्यात, शेठ. म्हंजी घोडं वढत आनलंय, बसून न्हाई." मग घोड्याचा ओठ वर करून दात, मग कपाळावरचा भोवरा, मग बरगडीला कान लावून श्वास. तोवर सगळा अड्डा विडी हातात धरून गप्प. शेवटी नूरमहंमद थुंकायचा. डावीकडं थुंकला की सौदा मोडला. उजवीकडं थुंकला की खांद्यावरचा रुमाल काढायचा, त्याच्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा आणि बोटांनी भाव ठरायचा.

भाव ठरला की विकणारा घोड्याच्या तोंडावरची मोरकी उतरवून घ्यायचा. जनावर द्यायचं, पण त्याची दोरीची मोरकी आपल्या घरी ठेवायची, ही बाजाराची रीत. मोरकी गेली तर दारातली बरकत तिच्यामागं जाते. घेणाऱ्यानंही जुनी मोरकी आणू नये, नाहीतर जनावराचं मन जुन्या दारात अडकून पडतं. तरणेपणी नूरमहंमदनं हे मानलं नव्हतं. श्रीगोंद्याहून एक घोडं जुन्या मोरकीसकट आणलं होतं. ते दाव्यातून सुटून परत श्रीगोंद्याच्या वाटेला लागलं आणि रेल्वेच्या रुळावर सापडलं. त्याचे तुकडे गोळा करायला नूरमहंमद स्वतः गेला होता. तेव्हापासून मोरकीचा विषय निघाला की तो हसत नसे.

असा माणूस मोटार घ्यायला निघाला, तेव्हा अड्ड्यावर त्याची नक्कल करायची चढाओढ लागली. एक जण वाकून बॉनेटचा ओठ वर करायचा. दुसरा टायरच्या बरगडीला कान लावायचा. "व्हय, धाप लागतीय हिला. डावीकडं थुका, चाचा." नूरमहंमद ऐकायचा आणि तंबाखू मळत राहायचा.

मोटार हौसेसाठी नव्हती. त्याची लेक सरवरी मिरजगावच्या अलीकडं, सीना नदीपलीकडच्या गावात दिली होती. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायला तो आपली लाली घोडी जुंपून गेला आणि परतीच्या वाटेतच सरवरीला कळा सुटल्या. तांगा सगळ्या खड्ड्यांतून तसाच हाकत नगरला आणला. पोरगी वाचली, बाळ मेलेलं निघालं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "पुढच्या वेळी कळा सुरू होताच इथे हवी. उशीर झाला तर आईचंही मी काही सांगू शकत नाही."

आता पुढची वेळ आली होती. आत्ताच माहेरी घेऊन येतो म्हटलं, तर सरवरीची सासू बद्रुन्निसा पदर सावरून, नाकातून सूर काढून म्हणाली, "पहिलं माहेरी, दुसरं सासरी. आमच्या घरात असंच चालत आलंय, भाईजान. लोक काय म्हणतील, सुनेला खायला घालत न्हाईत?" नूरमहंमद रीतीचा माणूस. एवढंच म्हणाला, "बरं. पन पहिली कळ आली की निरोप धाडा. दिस कलायच्या आत मी तिला दवाखान्यात पोचवतो."

शब्द दिला खरा, पण लालीच्या पायात आता तो शब्द उरला नव्हता.

लढाईच्या दिवसांत कॅम्पातल्या लष्करी डेपोवर ड्रायव्हर पुरेनात, तेव्हा नूरमहंमद लॉरी हाकायला शिकला होता. आता लढाई संपली होती, गोरे साहेब बिऱ्हाडं मोडत होते आणि कॅम्पात रोज काहीतरी विकायला निघत होतं. शमशेर मिस्त्रीला बरोबर घेऊन तो हिंडू लागला. शमशेर तोंडानं इंजिन वाजवून दाखवल्याशिवाय बोलत नसे.

पहिली मोटार एका कप्तानाची. लाल, बुटकी, दोन माणसांची. साहेबाचा बटलर छाती काढून म्हणाला, "साब विलायत जाता. गाडी गोली माफिक जाता."

"जाईल की," नूरमहंमद म्हणाला. "पन बाळंतीन कुठं निजवू? टपावर?"

बटलरनं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत उघड्यावर बसायची एक अरुंद बैठक होती. बरोबर आलेली चांदबी, नूरमहंमदची बायको, त्यात वाकून बघत म्हणाली, "डबीत घालून न्यायची का पोर? झाकन लावा म्हंजी झालं."

दुसरी एका म्हाताऱ्या वकिलाची. काळी, उंच, पालखीसारखी. "बसा, बसा, आत बसून बघा. आमचं अख्खं कुटुंब, शिवाय लोणच्याच्या बरण्या," वकील सांगत होते. शमशेरनं इंजिन चालू करवलं, डोळे मिटले आणि तोंडानं वाजवलं, "टर्रर्र-ठक. टर्रर्र-ठक. ह्यो ठक ऐकला का, चाचा? ह्यो तुमचं घर खानार." भिंगारच्या चढाला मोटार थांबली आणि वकिलांसकट सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. नूरमहंमद डावीकडं थुंकला.

तिसरी राधाकृष्ण शेठजींच्या तबेल्यात होती. शेठ कॅम्पाला घोडी आणि गवत पुरवायचे. एका साहेबाकडून घोड्यांच्या हिशेबात त्यांना ही मोटार आली होती. निळी, लांब नाकाची, बसकी, वर कापडी टप. समोरचे दोन मोठे दिवे अशा उंचीवर की माणूस जवळ गेला की त्याच्या पोटाकडं बघत असावेत. पळायला हरणासारखी, आणि मागं एक बाई पाय लांब करून निजेल एवढं बाक. शमशेरनं कान लावला. तोंडानं वाजवायला काही सापडेना. "ही गप हाय, चाचा. एकदम गप."

नूरमहंमदनं तिच्या नाकावरून हात फिरवला आणि उजवीकडं थुंकला.

चांदबी मात्र उंबऱ्यातच थांबली होती. तबेल्याच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती, आणि एकेका खुंटीवर विकल्या गेलेल्या घोड्यांच्या मोरक्या लोंबत होत्या. कातडी, सुती, काळ्या पडलेल्या. वाऱ्यानं हलत होत्या. "एवढी जनावरं गेली कुठं?" तिनं विचारलं.

"लढाईवर गेली, बहेन," शेठजी मधाळ आवाजात म्हणाले. "आपलंच घर समजा, बसा. गेल्यावर एकही जनावर मोरकी मागायला परत आलं नाही हो."

रुमालाखाली भाव झाला. लाली आणि तांगा दोन्ही विकूनच तो भाव जमत होता. रुमाल उचलल्यावर शेठजींनी मोटारीच्या सीटखालून लोखंडी हँडल काढलं. पुढून नाकात घालून फिरवायचं, इंजिन सुरू करायचं हँडल. ते नूरमहंमदच्या हातात ठेवलं.

त्यानं हँडलाकडं बघितलं. मग शेठजींकडं. मग दोन पावलं चालून भिंतीवरच्या एका रिकाम्या खुंटीला ते अडकवून दिलं.

"काय करता, चाचा?" शमशेर म्हणाला.

"मोरकी विकनाऱ्याच्या घरी ऱ्हाती."

"अवो, मोरकी न्हाई ती. हँडल हाय. बॅटरी बसली तर कशानं उठवाल हिला?"

"चावी हाय की. फिरवली की उठती. आत्ता बघितलं न्हाई का तू?"

शेठजींनी एकदा खुंटीकडं बघितलं. त्यांनाही बाजाराची रीत ठाऊक होती, आणि दारची बरकत त्यांनाही हवीच होती. "नूरभाई जाणता माणूस आहे," ते हळूच म्हणाले. "राहू द्या."

वाटेत शमशेर कुरकुरत राहिला. "ह्या गाडीचं तोंड येगळं हाय. बाजारात हँडल मिळायचं न्हाई. लोहाराकडून घडवून घ्यावं लागंल."

"नवं घडवू. नव्या मोरकीला माझी ना न्हाई. पुढच्या बाजाराला बघू."

लाली आणि तांगा सीनेच्या अलीकडच्या तीरावरच्या कारभारी नावाच्या शेतकऱ्यानं घेतला. त्याला देताना नूरमहंमदनं लालीच्या तोंडावरची मोरकी उतरवली, घरी आणून दारामागच्या खुंटीला टांगली. चांदबी येता-जाता तिला हात लावायची. मोटारीला तिनं हात लावला नाही.

पुढचा बाजार आला, मग त्याच्या पुढचा. लोहाराकडं लोखंड नव्हतं, पेट्रोलच्या कूपनांसाठी कचेरीत खेटे चालू होते, आणि मोटार चावीला रोज उठत होती. नूरमहंमद तिला पहाटे उघडून पुसायचा, पण तिचा कधी लळा लागला नाही. लालीच्या मानेवर हात ठेवला की कातडी थरथरायची. हिचं नाक सकाळी गार, चालवून आणलं की तापलेलं, आणि मधलं काही नाही. गल्लीतली कुत्री तिच्या सावलीत बसत नसत. अड्ड्यावर नक्कल करणारेही आता नक्कल अर्ध्यावर सोडून देत.

मग एका ढगाळ सकाळी प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. सरवरीला पहाटेपासून कळा चालू आहेत.

नूरमहंमद आणि चांदबी निघाले. मोटार खरोखर हरणासारखी पळाली. सीनेला पूल नव्हता, वाळूतून उतार होता, आणि पाणी घोट्याएवढं. गेले ते सहज गेले. सरवरीला मागच्या बाकावर निजवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. बद्रुन्निसानं आज नाकातून सूर काढला नाही. मोटारीच्या मागं थोडी चालली आणि थांबली.

परत सीनेवर आले, तेव्हा वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी चहासारखं लाल, गुडघ्याला लागेल एवढं, आणि आवाज न करता वाहणारं. ह्या तीरावर थांबायला वेळ नव्हता. नूरमहंमदनं बिस्मिल्ला म्हटलं आणि मोटार पाण्यात घातली.

मध्यावर इंजिन शिंकलं. दोनदा. मग गप झालं.

त्यानं चावी फिरवली. आतून कुणीतरी दारावर नख मारावं तसा आवाज आला. टिक. परत फिरवली. टिक. उतरला, बॉनेट उघडलं, भिजलेल्या तारा खांद्यावरच्या रुमालानं एकेक करून पुसल्या, पुन्हा पुन्हा पुसल्या. परत फिरवली. ह्या वेळी टिकही नाही.

तारा कोरड्या होत्या. इंजिन गरम होतं. पुढून कुणीतरी फिरवायची खोटी होती. मोटारीच्या नाकातलं ते हँडलाचं भोक पाण्याच्या वर, त्याच्याकडं बघत होतं.

"अब्बा," सरवरी आतून म्हणाली. "का थांबलो?"

"निघतोय, बेटा."

"मोटारीचा नाद सोडा," चांदबी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "ती चालायची न्हाई. कारभारीचं घर वर हाय. जा."

तो पाणी तोडत गेला. हाका मारल्यावर कारभारी आणि त्याचे भाऊ बाज घेऊन धावत आले. सरवरीला मोटारीतून काढून बाजेवर घातलं आणि चौघांनी खांद्यावर घेतली. चांदबीनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं, कारण अशी चौघांच्या खांद्यावरची बाज तिनं आजवर फक्त एकाच कामासाठी बघितली होती. पाणी त्यांच्या कमरेला आलं होतं. मागं मोटारीचं बाक भिजायला लागलं होतं.

कारभारीनं लालीला तांग्याला जुंपलं. नूरमहंमदनं लगाम घेतला. घोडीनं कान मागं केले, त्याचा वास घेतला आणि न हाकलता चालू लागली.

"मामू, फटका द्या," कारभारी म्हणाला.

"न्हाई देनार. जेवढी चालंल तेवढी चालंल."

चढावर पोचल्यावर एकदाच त्यानं मागं बघितलं. निळा टप पाण्यावर उरला होता आणि फडफडत होता. दोन दिवे अजून वर होते. मग एक बुडाला.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा दिवस केव्हाच कलून गेला होता. सरवरी वाचली. मुलगा होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाली की दुपारपर्यंत त्याचे ठोके चालू असावेत. हे ती मुद्दाम म्हणाली नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

मोटार पूर ओसरल्यावर वाळूत पालथी सापडली. शेठजींना कळलं, तेव्हा त्यांनी स्वतः हँडल खुंटीवरून काढून कापडात गुंडाळून आणलं. "नूरभाई, हे राहू द्या तुमच्याकडं. माझ्या भिंतीवर बघवत नाही."

"तुमचं जनावर, तुमची मोरकी," नूरमहंमद म्हणाला. त्यानं ते घेतलं नाही. शेठजी ते परत कापडात गुंडाळून घेऊन गेले.

त्याच आठवड्यात तो दारामागच्या खुंटीवरून लालीची मोरकी काढून पायी निघाला. सीनेजवळ कारभारीच्या गोठ्यात पोचला आणि ती त्याच्यापुढं धरली.

कारभारीनं हात मागं घेतला. "मामू, आसं कुनी देतं का? तुमच्या दारची बरकत जाईल."

"घे."

"आवो, पन रीत..."

"रीत माझ्या खुंटीला टांगलेलीच हुती, बाबा, तरी बरकत गेलीच. घोडीला रातीबेराती बाहेर काढायची येळ आली, तर तुझ्या हाताशी दोरी आसू दे."

त्यानं पुढं होऊन स्वतःच लालीच्या तोंडावर मोरकी चढवली. घोडीनं डोळे मिटले. तो वळला आणि रिकाम्या हातांनी सीनेच्या उताराकडं चालू लागला. पुराचं पाणी न पोचलेल्या वरच्या वाळूत अजून चाकांच्या खुणा दिसत होत्या, पाण्याकडं गेलेल्या.