राइट फील्डरचा बाप

पन्नाशीनंतर आपल्याला कंबर आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही, अ‍ॅल्युमिनियमचा बाक पुरतो. हल्ली वसंतात दर शनिवारी मी चँडलरहून गाडी काढतो, मुलीच्या कॉलेजच्या बेसबॉल ग्राउंडवर जातो आणि त्या बाकावर बसतो. अ‍ॅरिझोनाचं एप्रिलमधलं ऊन, खाली तवा झालेला बाक, मांडीवर पोळीभाजीचा डबा. आठवडाभर ऑफिसचे पहाटेचे कॉल घेऊन झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्यामुळे निम्मी मॅच मी गॉगलमागे डोळे मिटून बघतो.

बायको एकदाच आली. घरी जाताना म्हणाली, "त्या उन्हात बसून कुठलं पोरगं कुठे उभं राहिलं ते बघायचं? त्यापेक्षा मी घरी कपड्यांच्या घड्या घालीन." आणि तिचं बरोबर होतं, कारण आमची मुलगी खेळत नाहीच. पोरं कुठे उभी राहणार, ते ती ठरवते.

म्हणजे झालं असं, की ती शिकते स्टॅटिस्टिक्स, आणि टीमला व्हिडिओ बघत बसणारं कोणीतरी हवं होतं. समोरच्या टीमचा कुठला बॅटर चेंडू कुठे मारतो, याचा ती आठवडाभर हिशोब मांडते आणि प्रत्येक फील्डरच्या खिशात मावेल असं कार्ड बनवते. मॅच सुरू होण्याआधी कार्डं वाटते आणि वर काचेच्या खोलीत जाऊन चेंडूचा वेग मोजत बसते. आम्ही हिच्या इंजिनिअरिंगची स्वप्नं बघत होतो. असो.

त्या कार्डातली भानगड एवढीच. आतल्या मैदानात चार फील्डर असतात. रीत अशी, की दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पण काही डावखुरे बॅटर जवळजवळ सगळे सरपटी चेंडू उजवीकडेच मारतात. मग तिघांना उजवीकडे न्यायचं, चौथा मधोमध. याला म्हणतात शिफ्ट. डावी बाजू ओस पडते, लग्नाच्या हॉलमध्ये 'पानं वाढलीत' म्हटल्यावर पुढच्या खुर्च्या पडतात तशी. व्यावसायिक खेळात यावर आता बंदी आहे. कॉलेजात अजून चालतं, आणि म्हणून कॉलेजच्या बाकांवर यावरून भांडणंही चालतात.

माझ्या शेजारी बसायचा आमच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराचा, बाप. धंद्याने डेंटिस्ट. पहिल्याच दिवशी त्याने माझी चुळबुळ बघून आपल्याकडची जास्तीची गादी माझ्याखाली सरकवली आणि सूर्यफुलाच्या खारवलेल्या बियांची पिशवी पुढे केली. टरफलं थुंकायची असतात हे मला माहीत नव्हतं. चारचौघांत थुंकायचं कसं, म्हणून मी गिळली. माझ्या पोटाने ती मैत्री बरेच दिवस लक्षात ठेवली.

"यातला तुझा कोणता?" त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. मुलगी तेव्हा कार्डं वाटत होती. पण तिच्या पुढ्यात उभा होता राइट फील्डर, म्हणजे उजवीकडे पार मागे उभा राहणारा, सावळा, कुरळ्या केसांचा, आमच्या नागपूरच्या कुठल्याही कॉलनीत खपून जाईल असा. डेंटिस्टचा चेहरा खुलला. "वा! काय हात आहे त्याचा! तुझ्यावर गेला असणार."

त्याच क्षणी 'नाही हो' म्हणायला हवं होतं. पण माणूस इतक्या प्रेमाने बोलत होता, खाली त्याची गादी, तोंडात त्याच्या बिया. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी तो म्हणाला, "तुझ्या पोराचा गुडघा बरा आहे ना?" आता काय सांगणार? आमच्याकडे भिडेपोटी माणसं लग्नं करतात. मी एक राइट फील्डर पदरात घेतला. त्या पोराचे खरे आईवडील लांबच्या राज्यात, ते कधी यायचे नाहीत. त्याने चेंडू अडवला की डेंटिस्ट माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि मी टाळ्या वाजवायचो. हळूहळू मला त्याच्या गुडघ्याची खरंच काळजी वाटायला लागली.

अडचण दुसरीच होती. डेंटिस्टला शिफ्टचा मनस्वी राग होता. त्याच्या मुलाचं हे शेवटचं वर्ष. त्याने चेंडू छान टाकायचा, बॅटरने कसाबसा टोलवायचा, आणि तो मरतुकडा चेंडू नेमका ओस बाजूने आरामात निघून जायचा.

"वर कोणीतरी लॅपटॉपवालं बसलंय," तो म्हणायचा. "आयुष्यात बॅट धरली नसेल. व्यावसायिक लोकांनी हे बंद केलं, ते काय वेडे आहेत?"

"आमच्या क्रिकेटमध्ये कॅप्टन कुठेही फील्डर लावतो," मी एकदा जीव मुठीत धरून म्हणालो.

"कुठेही?"

मला लेग साइडला मागे दोनच फील्डर ठेवायचा नियम आठवला. "जवळजवळ कुठेही."

"मग तुमची मॅच पाच दिवस चालते यात नवल काय!"

मी कॉलेजात बारावा खेळाडू होतो. पाणी नेण्यापलीकडे माझा अनुभव नाही. एक टरफल गिळलं.

अशाच एका शनिवारी पार्किंगमध्ये मुलगी गाडीत बसून डबा खात होती. एसी चालू, बाहेर डांबर वितळेल असं ऊन. खाताना ती बोलत नव्हती, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"कोच म्हणाले, नेक्स्ट सॅटरडे बघू," ती शेवटी म्हणाली. "पिचर कम्प्लेन करतोय. मागे रिकामं दिसलं की त्याला फेकताच येत नाही म्हणे. परत तसा बॉल गेला तर त्याच्या मॅचेसना माझं कार्ड बंद."

"मग ठेव ना एकाला डावीकडे. समजुतीने घ्यावं."

"बाबा, तू पण? यार, तो बॉल तिकडे क्वचित जातो! उजवीकडचे किती जण मी आउट करते, त्याचं कोणी नावसुद्धा घेत नाही. निसटलेला बॉल सगळ्यांना दिसतो. पकडलेला दिसतच नाही. लोकांना वाटतं तो फील्डर तिथेच जन्माला आला."

मला एकदम कपड्यांच्या घड्या आठवल्या. कपाट उघडलं की शर्ट तिथे असतो. तो तिथे आला कसा, हे मी कधी विचारलं नव्हतं. पण हे मुलीला सांगितलं असतं तर तिने आईला सांगितलं असतं, म्हणून म्हटलं, "भेंडी संपव."

पुढच्या शनिवारी मी प्रथमच गॉगलमागे डोळे उघडे ठेवले. आणि खरंच, मुलगी म्हणाली तसंच. डावखुरा बॅटर आला, तिघे उजवीकडे सरकले, त्याने सणसणीत सरपटी हाणला आणि चेंडू सरळ उभ्या फील्डरच्या हातात. आउट. डेंटिस्ट म्हणाला, "सोपा होता." पुढचा डावखुरा, परत तेच. "पोरगं आज फॉर्मात आहे." मी मनातल्या मनात वर बघून म्हणत होतो, बाई, मला दिसलं.

शेवटाकडे आमची एका धावेची आघाडी होती. समोरच्यांचे दोघे बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवर उभे, बॅटर डावखुरा. तिघे उजवीकडे गेले. डेंटिस्टने बिया खायचं थांबवलं. पिचरने मान वळवून मागच्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं. मग चेंडू टाकला, आणि टाकला चांगलाच. बॅटरची बॅट अर्धवट लागली. चेंडू डावीकडे इतका सावकाश निघाला, की माझ्या कंबरेनिशी मीसुद्धा अडवला असता. अडवायला कोणी नव्हतं. दोघे धावत होम प्लेटला पोचले, दोन धावा झाल्या आणि मॅच गेली.

डेंटिस्ट उठला. काचेच्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "खाली या! कोण आहे तिथे? खाली येऊन माझ्या पोराला तोंड दाखवा!"

बाकांवरची आणखी डोकी वर वळली. काचेमागे तिची मान खाली गेलेली मला दिसली. लहानपणी ताप आला की ती अशीच मान खाली घालायची.

"ती माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"वर बसलेली. कार्डं तीच करते."

त्याने वर पाहिलं, मग राइट फील्डकडे, मग माझ्याकडे. "मग तो?"

"तो माझा नाही."

दात काढायच्या आधी बोटं फिरवतात तसा त्याने स्वतःच्या जबड्यावरून हात फिरवला. "पण तू टाळ्या वाजवायचास."

"खेळतो चांगला."

तो खाली बसला नाही. बियांची पिशवी खिशात घालून निघून गेला. गादी मात्र माझ्याखालीच राहिली. ती उचलून त्याच्या मागे धावणं मला शक्य नव्हतं, शरीरानेही आणि तोंडानेही.

गाडीत मुलीने डबा उघडला आणि परत बंद केला. "कार्ड बंद," ती म्हणाली. "त्याच्या मॅचला सगळे जुन्या जागी. बाकीच्या पिचर्सना चालू." मग सीटबेल्ट लावत, "अंकल ओरडले ते ऐकू आलं. तू काय म्हणालास त्यांना?"

"सांगितलं, तू माझी आहेस म्हणून."

"आधी कोणाची होते?"

ते सांगताना फ्रीवेपेक्षा लांबचा पल्ला झाला. ती हसली तरी. भेंडीही संपली.

त्यानंतरच्या शनिवारी मी गादी घेऊन गेलो. डेंटिस्ट आधीच आला होता. मी गादी पुढे केली. "ठेव," तो म्हणाला, आणि बाकाच्या टोकाला थोडा सरकला. इतकंच. बिया नाहीत, थाप नाही. ऊन मात्र नेहमीएवढंच.

त्याचा मुलगा पिचिंगला आला. मागे दोन डावीकडे, दोन उजवीकडे, फोटोला उभे केल्यासारखे. तसाच एक डावखुरा बॅटर, बेसवर एक जण. सणसणीत सरपटी उजवीकडे. तिथल्या दोन फील्डरांच्या मधून, बोटही न लागता, गवतावर. धाव झाली.

बाकांवर कोणीही ओरडलं नाही. चांगला फटका, एवढंच कोणीतरी म्हणालं. पिचरही मागे वळला नाही.

डेंटिस्ट त्या दोघांच्या मधल्या जागेकडे बघत राहिला. मग समोर बघतच हळू आवाजात म्हणाला, "तिथे असता ना एक जण?"

"असता," मी म्हणालो.

मला आनंद व्हायला हवा होता. पण पोरगं त्याचं होतं, आणि धाव आमच्याच टीमवर झाली होती. वर काचेमागे मुलगी खाली मान घालून काहीतरी टिपत होती. खाली राइट फील्डरने धावत येऊन तो चेंडू उचलला आणि असा फेकला, की आणखी पुढे जाऊ पाहणारा बॅटर मुकाट्याने मागे फिरला.

सवयीने माझ्या हातांनी टाळी वाजवली. शेजारून डेंटिस्टनेही वाजवली. मग खिशातून पिशवी काढून त्याने आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.