समोरच्या दारातली लाल पाटी

आमच्या बोळात रोज सकाळी साडेसहाला हजेरी व्हायची. माणसांची नव्हे, गाड्यांची. कांबळे कंट्रोलर चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे आणि बोळात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर वहीत उतरवायचे. पुढे वेळ आणि शेरा. ‘दूधवाला.’ ‘पाटलांचा जावई.’ ‘ओळख नाही.’ त्यांची सगळी हयात एसटीत कंट्रोलर म्हणून गेली होती. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे लिहिण्याचा पगार बंद झाला, लिहिणं काही बंद झालं नाही. शिवाजी पेठेत माणसाला एकदा नाव पडलं की ते सुटत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतरही ते कंट्रोलरच राहिले.

त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एक. मी हायस्कुलात मराठी शिकवायची, अक्षर बरं होतं, म्हणून त्यांचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. नळाला पाणी कमी, अर्ज. खांबावरचा दिवा दिवसा जळतो, अर्ज. “तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातंय, बाई. लिवा,” असं म्हणून ते खुर्ची ओढून समोर बसायचे आणि स्वल्पविरामासकट मजकूर सांगायचे. कंटाळा यायचा. पण त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. माझी आई गारगोटीला शेवटच्या आजारात होती तेव्हा मी शाळा सुटली की रोज तिकडे जायची. हा माणूस त्याआधी स्टँडवर जाऊन गारगोटीच्या गाडीत माझ्यासाठी जागा धरून बसलेला असायचा. दीड महिना. पुढे कधी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही.

समोरच्या घरात संजू राहायला आला आणि आमच्या बोळाचं स्वास्थ्य गेलं. त्यात संजूचा दोष थोडा आणि बोळाच्या रुंदीचा जास्त. तो दुचाकीच्या एका शोरूममध्ये होता. गावोगावच्या गिऱ्हाइकांच्या दारात नवी गाडी नेऊन ट्रायल द्यायची, हे त्याचं काम. स्वतःची जुनी गाडी त्याने कबनूरला यंत्रमागावर काम करणाऱ्या धाकट्या भावाला देऊन टाकली होती. सकाळी लवकर निघायचं म्हणून शोरूमची गाडी तो संध्याकाळीच घरी आणायचा आणि जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुतेक वेळा कंट्रोलरांच्या पायरीला लागून, उभी करायचा. कंट्रोलरांनी तिथे तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या. संजूने त्या उचलून कट्ट्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत खाली आल्या. हे वर्षभर चाललं आणि दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येऊन आपापली बाजू सांगून जात राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. मी दोघांनाही चहा पाजायची.

मग कंट्रोलरांच्या ध्यानात ती पाटी आली. संजूच्या गाडीला साधी नंबरप्लेट नसायची. लाल पाटी, वर पांढरी अक्षरं. सोमवारी ती पाटी तांबड्या मोटारसायकलवर होती, मंगळवारी काळ्या स्कूटरवर, गुरुवारी आणखी तिसऱ्याच गाडीवर. नंबर तोच. वही उघडून त्यांनी मला तिन्ही नोंदी दाखवल्या. एका नंबरच्या तीन गाड्या म्हणजे त्यातल्या दोन तरी चोरीच्या, असा त्यांचा साधा हिशेब होता. बोळात कुजबुज सुरू झाली. संजूच्या बायकोशी बायका जपून बोलू लागल्या. पेठेतले तंटे मिटवणाऱ्या तालमीतल्या जाणत्यांनी दोघांना बोलावून समजूत घातली, तिचा उपयोग पंधरा दिवस टिकला.

याच सुमारास एका सकाळी कंट्रोलरांच्या छातीत दुखायला लागलं. घरात एकटेच; बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी गारगोटीला. मी बोळात येऊन ओरडले, तसा संजू अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. म्हाताऱ्याला मागे बसवलं, स्वतःच्या कमरेला टॉवेलने बांधून घेतलं आणि बोळाबोळांतून गाडी काढत दवाखान्यात पोचवलं. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, चला, भांडण मिटलं. आठ दिवसांनी कंट्रोलर घरी आले आणि नवव्या दिवशी सकाळी साडेसहाला उंबऱ्यावर वही घेऊन उभे. महिन्याभराने माझ्याकडे येऊन म्हणाले, आरटीओला अर्ज लिहायचाय. मी चिडले. ज्याने जीव वाचवला त्याच्यावर अर्ज करताना काहीच वाटत नाही का, असं तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “उपकार येगळा आन् नियम येगळा, बाई. त्यानं मला वाचिवलं म्हणून चोरीची गाडी चांगली हुती व्हय? आन् नसंल चोरीची, तर तसं तरी एकदा कळू दे की. त्याच्या बायकोकडं माणसं कशी बगत्यात, बगितलंसा न्हाय का?” या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हीच पंचाईत होती. मी अर्ज लिहून दिला. नाही दिला तर ते रोज येऊन बसणार, हेही कारण होतंच.

महिन्या-दोन महिन्यांनी बोलावणं आलं. एका टेबलाभोवती कंट्रोलर, मी, संजू आणि शोरूमचे मॅनेजर. अधिकारी समंजस निघाले. त्यांनी कंट्रोलरांना समजावून सांगितलं की ही पाटी गाडीची नसते, दुकानाची असते. ज्या गाडीची अजून नोंदणी झालेली नाही ती दुकानाच्या कामासाठी रस्त्यावर आणायची तर तिला ही लावतात. आज एकीला, उद्या दुसरीला. एकाच वेळी दोन गाड्यांवर दिसली असेल तर गुन्हा. तशी कधी दिसली का? कंट्रोलर म्हणाले, न्हाय. संजूच्या तोंडावर पहिल्यांदा जरा रंग आला. अधिकारी सहज वही चाळत होते. एका पानावर थांबून त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘सात वीस. मी स्वतः मागे बसून दवाखान्यात. सात सव्वीस पोच.’ काका, सगळ्या वहीत चुकीचं म्हणावं असं एवढंच हाय बगा. खाजगी कामाला ही गाडी चालत न्हाय.”

ते हसले आणि ताकीद देऊन त्यांनी कागद मिटला. मॅनेजर हसले नाहीत. दुकानाचं नाव आरटीओपर्यंत गेलं होतं. त्यांनी संजूकडून लिहून घेतलं की पुन्हा अशी एकही तक्रार आली तर कामावर येणार नाही.

परत येताना मी कंट्रोलरांना विचारलं की ती एक नोंद नसती केली तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले, घडलेलं लिहायचं नाही म्हटल्यावर वही ठेवायची कशाला? पण आवाजात पूर्वीचा कणा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मॅनेजरांना अर्ज लिहून घेतला: गाडीवर मी बसलो, जीव माझा होता, दोष माझा धरावा. मॅनेजरांनी तो ठेवून घेतला, बाकी काही केलं नाही. संजू भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “काका, तुमी लिवलंसा ते खरंच हाय. त्यात काय?” आणि त्यानंतर बोलणं कमी केलं. कंट्रोलरांनी कुंड्या माझ्या दारात आणून ठेवल्या. संजूची गाडी पायरीला लागू लागली. सकाळची हजेरी बंद पडली. ते नुसताच चहा प्यायचे, रस्त्याकडे बघत.

मी खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. वहीही नको, अर्जही नको, दोन्हीकडचं ऐकून घेणंही नको.

एका रविवारी दुपारी भिंतीवर थाप ऐकू आली. जाऊन बघते तर कंट्रोलर खाटेवर बसलेले, सदरा घामाने भिजलेला, हात छातीवर. त्या दिवशी फुटबॉलची फायनल होती, आमच्याच पेठेतला संघ जिंकला होता आणि मिरवणूक निघाली होती. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर म्हणाले, गर्दीतून वेळ लागेल. संजूची गाडी पायरीपाशीच उभी होती, लाल पाटीची. मी उठले तशी कंट्रोलरांनी माझं मनगट धरलं. त्या अवस्थेतही पकड घट्ट होती.

“न्हाय, बाई. त्याला हाक मारू नगा. बोळात कोणतरी बगंल, कोणतरी लिवंल. नोकरी जाईल त्याची. रिक्षा बगा.”

रिक्षा मिळाली. तीही कोपऱ्यावर मिरवणुकीत अडकली. पुढे ढोल-ताशे, गुलाल, गाड्यांवर झेंडे घेतलेली पोरं. कंट्रोलर माझ्या खांद्याला टेकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दवाखाना दिसू लागला तेव्हा त्यांचं बघणं थांबलं होतं.

संध्याकाळी संजू दवाखान्यात आला. बाकावर माझ्याशेजारी बसला. किती वाजता दुखायला लागलं, कशाने आणलं, सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं, पाटीचंही. तो म्हणाला, “मी घरातच हुतो की, बाई. हाक तरी मारायची. नोकरी काय, दुसरी बगितली असती.”

मी म्हणाले, कंट्रोलरांनी मला हाक मारू दिली नाही. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. त्यांनी मनगट धरलं तेव्हा सोडवून घेणं काही अवघड नव्हतं. पुन्हा तक्रार, पुन्हा सुनावणी, पुन्हा दोन्हीकडचा चहा, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि ते नको म्हणाले याचं मला बरं वाटलं. संजू अजून समोरच राहतो, मला बाजारातून काही हवं का म्हणून विचारतो. त्याला हे मी सांगितलेलं नाही.