बैलाचं डोकं

माझ्या साडूसारखा अस्वस्थ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. जळगाव जामोदला तो पेंटर आहे. पोट दुकानांच्या पाट्यांवर चालतं, पण जीव सगळा अंगणवाड्यांच्या भिंतींवर. तिथं त्याची सदरा-पॅन्ट घातलेली जनावरं हसत उभी असतात. जितकं डोकं मोठं तितका मेंदू मोठा आणि तितकी अक्कल, हा त्याचा ठाम सिद्धान्त. त्यामुळे हुशार सशाचं डोकं कलिंगडाएवढं आणि मूर्ख सिंहाचं लिंबाएवढं! जेवताना एका जागी बसेल तर शपथ. तोंडात घास, आणि हात माझ्या टाळक्यावर. "भाऊ, डोकं मोठं आहे तुमचं, पन कपाळ बसकं आहे. चित्रात तुमाले बावळटच काढा लागीन." मी चिडून विचारलं, "मग देवमासा कलेक्टर काऊन नाही झाला?" तर गडी ताटावरून उठून अंगणात फेऱ्या घालायला लागला.

त्याला मुलगी झाली तेव्हा न्हाऊ घालणारी बाई रीतीप्रमाणे तेलाच्या हातानं बाळाचं डोकं गोल करायला बसली, तसा हा धावत आला. "दाबू नका बाप्पा! मेंदूले जागा कमी पडीन!" बाई म्हणाली, "मंग आंघोळबी तुमीच घाला दादा," आणि तडक घरी गेली. आम्ही पोट धरून हसलो.

आता हसू येत नाही. पोरगी तीन वर्षांची होत आली, तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टरांनी टेपनं डोकं मोजलं, म्हणाले, जरा लहान आहे, बघू. तेव्हापासून हा सुतळी घेऊन दिसेल त्या पोराचं डोकं मोजत सुटतो, आणि आया त्याला शिव्या घालतात.

परवा वरवट बकालच्या अंगणवाडीवर त्यानं बैल काढला. बैल म्हणजे मठ्ठ, म्हणून डोकं लिंबाएवढं. झालं! अर्धं गाव गोळा. एक म्हातारे शेतकरी तर काठी आपटत पुढं आले. "पोळ्याले आमी ह्याच्या पाया पडतो, अन तू ह्याले बिनडोक काढून राह्यला?"

मी पोचलो तेव्हा हा मुकाट्यानं बैलाचं डोकं वाढवत होता. पोरगी पायाशी खेळत होती.

"भाऊ," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "ह्या बैलासाठी गाव भांडलं. माही पोरगी मंद निघाली, तर लोक तिले कशी काढतीन?"

एरवी माझी जीभ फार चालते. त्या वेळी मी नुसता रंगाचा डबा त्याच्या हाताशी सरकवला.

तेवढ्यात पोरगी उठली आणि बैलाच्या ओल्या तोंडाला गाल लावून उभी राहिली. पांढरा रंग तिच्या कानापर्यंत फासला गेला. साडूनं ब्रश खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अक्कल राहू दे माय," तो म्हणाला. "एकडाव बाबा म्हण फक्त."

ती त्याच्याकडे बघून छान हसली, आणि पुन्हा बैलाकडे वळली.