हवालदाराच्या डावीकडची जागा

आमच्या हवालदाराच्या डाव्या हाताला कोणी बसायचं नाही. पोलादपूरच्या स्टँडवरचं चहाच्या टपरीचं बाकडं असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर कोणाच्या मयताला गेलेलं असो, हवालदार बसला की डावीकडे हातभर जागा मोकळी. चुकून कोणी टेकलं तर बोलायचा नाही, उठून दुसरीकडे जायचा. एकदा आम्ही महाडला निघालो तेव्हा एसटीत त्याने खिडकीशी पिशवी ठेवली आणि आपण अलीकडे बसला. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पिशवीचं तिकीट काढलंय का?" हवालदाराने मुकाट्याने पिशवीचं तिकीट काढलं. मागे बसलेल्या बाया हसत होत्या. मी दुसऱ्या बाजूला बघत बसलो, काय करणार.

कोणी म्हणायचं त्याचा डावा कान गेलाय, कोणी म्हणायचं देवाला काहीतरी बोललाय. मी कधी विचारलं नाही. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ, आणि बायकोच्या माहेरच्या माणसाला वेडं म्हणायची सोय नसते.

मिलिटरीत त्याने सतरा वर्षं मशीनगन चालवली. गावात आल्यावर भात आणि नाचणी केली. रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाच्या लायसनवर एकनळी बंदूक घेतली. रोज सकाळी अंगणात गोणपाट पसरून ती पुसायचा. डुक्कर मात्र एकही मारलं नाही. हवेत बार काढायचा आणि ओरडायचा, "चला, निघा!" माझी बायको म्हणायची, "दादा, डुकरं आता तुला ओळखतात. हवालदार हाय, काय करत नाय, म्हणून परत येतात." निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. हवालदार ती गोधडीत गुंडाळून न्यायचा, पावती दोनदा वाचायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. तेव्हा बायको म्हणाली होती, "मला सासरी धाडलीस तेव्हा तुझा चेहरा इतका पडला नव्हता."

माझी बायको अशी तोंडाची होती, पण तिच्या हाताला उसंत नसायची. मी चौथी शिकलेला, बिरवाडीच्या कारखान्यात हेल्परी करून म्हातारा झालो. घरात मला काही शोधावं लागलं नाही. मी पडवीत बसून नुसता हात पुढे करायचा, हातात चुन्याची डबी यायची. कधी चष्मा, कधी पाण्याचा तांब्या. काय हवंय ते मला तिच्यानंतर कळायचं.

तीन वर्षांमागे हवालदाराच्या संजूचा अमेरिकेतून फोन आला. संजू सहा वर्षं घरी आला नव्हता. त्याने फोनवर बापाला एक बंदूक दाखवली. हवालदार फोन घेऊन तडक आमच्या पडवीत आला. डोळे लहान पोरासारखे. "पावणं, ही बघा! माझी गन! तेच पाय, तीच मूठ, गोळ्यांचं मॅगझिन वरनं लागतं ते पण तसंच." संजू म्हणत होता की तिकडे ही दुकानात मिळते, कोणालाही घेता येते. फक्त एक फरक. खऱ्या गनला घोडा दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते. हिला एकदा दाबला की एकच गोळी. परत दाबा, परत एक.

"एकच?" हवालदार म्हणाला. "मग तिला मशीनगन कशी म्हणायची?"

"कायदाच तसा आहे आबा. पण दिसायला तीच. तुमची आठवण म्हणून घरात ठेवीन म्हणतो. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर नेऊन मारायची."

"रविवारी? कोणावर?"

"कागदावर, आबा."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने आपल्याला ठाऊक तेवढं पोराला सांगितलं. "लायसन पीकसंरक्षणाचं घे, ते लवकर मिळतं. सातबारा लाव. आणि निवडणुकीला वेळेवर जमा कर, पावती जपून ठेव." संजू हसला. म्हणाला, तिकडे निवडणुकीला बंदुका जमा करत नाहीत. हवालदार एकदम घाबरला. "जमा करत नाय? मग मतदान कसं होतं रे?" त्या दिवशी त्याला बंदुकीपेक्षा ह्याच गोष्टीचा घोर लागला.

पण संजूने फोन ठेवता ठेवता जे सांगितलं, तिथे खरा घोळ झाला. म्हणाला, "तुम्ही घे म्हणालात तरच घेईन. घेतली की तुम्हाला इकडे आणतो. पहिली गोळी तुमच्या हातची." आता पोर एवढं बोलल्यावर बापाने काय करावं? नको म्हणावं तर पोराचा हिरमोड, आणि भेटही गेली. हो म्हणावं, तर हवालदाराच्या तोंडून हो निघेना.

मी म्हटलं, "घे म्हणा की. घरात राहील, दिसायला बरी."

"दिसायला काय, उखळ पण बरं दिसतं," बायको आतून म्हणाली. "पण दादा, तुला पोराला भेटायचं हाय का बंदुकीला, ते आधी ठरव."

"तेच कळत नाय गो."

पुढे दर रविवारी संजूचा फोन यायचा आणि हवालदार विषय बदलायचा. आंब्याला मोहोर आला का, कशेडीला बोगद्याने किती वेळ वाचतो, असलं काहीतरी. फोन ठेवला की माझ्याकडे यायचा. एक दिवस म्हणायचा, "वजनाला तेवढीच असेल ना हो? मग घेऊ दे." दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "एकेकच गोळी मारायची तर एवढं धूड कशाला? त्याला माझी एकनळी पुरे." तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मी वैतागून बोललो, "हवालदार, तुम्ही लढाई केलीत, आणि हो का नाय एवढं सांगता येईना?" तो म्हणाला, "लढाईत कोण विचारतो पावणं?"

अशात माझी बायको गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी महाडच्या दवाखान्यात. जास्त लिहीत नाही. लिहायला बसलो की हात थांबतो.

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी पडवीत माझ्या जागेवर बसलो होतो. सवयीने हात पुढे केला. डबी आली नाही. हात तसाच राहिला आणि मला तो मागे घेता येईना. हवालदार अंगणातून बघत होता. तो आला आणि माझ्या डावीकडे खेटून बसला. पन्नास वर्षांत त्याला कोणाच्या एवढं लगटून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माझा हात धरून त्याने खाली ठेवला.

मग म्हणाला, "गनवर दोघं असतात पावणं. मारणारा एक, दुसरा त्याच्या डावीकडं पालथा पडतो. मॅगझिन तो बदलतो. नळी तापली की थंड नळी तो देतो. मी फक्त समोर बघायचं आणि हात करायचा."

त्याने हात करून दाखवला.

"लढाईत एक दिवस हात केला. नळी आली नाय. परत केला. मग मी डावीकडं बघितलं."

मी त्या माणसाचं नाव विचारलं. "नाव सांगून काय करू? तुमच्यापेक्षा उंच होता. चहात साखर जास्त घालायचा." मग म्हणाला, "संजूची ती गन. एकेक गोळी, म्हणजे नळी तापणार नाय. म्हणजे दुसरा माणूस लागणार नाय. मग ती एकट्यानं मारायची? कागदावर?" मला वाटलं, झालं, आता नको म्हणणार. तर लगेच म्हणाला, "पण एकदा खांद्याला लावून बघावी वाटते हो. डोळे मिटून. काय करू सांगा."

दोन म्हातारे आम्ही बाराव्याच्या दिवशी पडवीत अमेरिकेतल्या बंदुकीचा विचार करत बसलो होतो.

गेल्या वैशाखात हवालदार गेला. सकाळी बंदूक पुसायला गोणपाट पसरलं आणि त्यावरच आडवा झाला. संजू आला, पण तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्या दिवशी पाव्हणे पांगल्यावर तो चहाचा कप घेऊन माझ्याकडे आला. आत्याचा नवरा म्हणून मला तो मामा म्हणतो. डोळे सुजलेले. म्हणाला, "मामा, आबा शेवटी काय म्हणाले? घेऊ की नको? मी अजून घेतली नाहीय."

मी पुष्कळ विचार केला. हवालदाराच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला कळलं नव्हतं, मला कुठून कळणार? खोटं सांगायचं तर कुठलं सांगू, तेही कळेना. शेवटी म्हटलं, "ते ठरवायच्या आधीच गेले. पण घेतलीस तर एकटा मारू नको. डावीकडं कोणाला तरी घेऊन पड."

"तिला दुसरा माणूस लागत नाही मामा."

"ठाऊक हाय. तरी पण सोबत घे."

तो मान हलवून माझ्या शेजारी टेकायला आला. मी हाताने त्याला थोपवलं. "उजवीकडं बस," म्हटलं.

का, ते त्याने विचारलं नाही. लहानपणापासून त्याला सवय आहे.